अश्वगंधेच्या मुळांना गाठी: खत नंतर, आधी फेरपालट

इंदूरजवळच्या सांवेरमधल्या तुमच्या रानात सलग तीन वर्षं अश्वगंधा, आता मुळं बारीक, फाटे फुटलेली, गाठाळ. डीएपी (नत्र-स्फुरदाचं रासायनिक खत) किती वाढवू, असं विचारलंत. अजिबात वाढवू नका.

आधी मुळं धुऊन बघा. अश्वगंधा डाळवर्गातली नाही, त्यामुळे या डाळींच्या मुळांवर असतात तशा, नत्र साठवणाऱ्या जिवाणूंच्या गाठी नव्हेत. गाठ नखाने सुटत नसेल, मूळच फुगलेलं असेल, तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. फाट्यांचं कारण बहुधा वेगळं. काळ्या मातीत ओलीवर रोटाव्हेटर फिरवला की वीतभर खाली घट्ट थर बसतो. वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना, लोखंडी सळई दाबा; सगळीकडे एकाच खोलीवर अडली, तर उन्हाळ्यात जमीन कोरडी असताना सबसॉयलर (खालचा थर फोडणारा खोल नांगर) लावा. ओल्या मातीत तो नुसती चीर पाडतो, थर फुटत नाही.

पुढची दोन वर्षं त्या तुकड्यात अश्वगंधा नको. वांगी, टोमॅटो, मिरचीही नको, ती तिचीच भावंडं. आपल्या माळव्यात हात आपोआप सोयाबीनकडे जातो, पण या सूत्रकृमीला तेही चालतं. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरून ढेकळं तापू द्या. पहिल्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी एकरी 20-25 किलो ताग पेरा, 45 दिवसांच्या आसपास, फुलं येण्याआधी मातीत गाडा. इथेच बहुतेकांचं चुकतं: पीक डोलतंय म्हणून थांबतात, खोड लाकडासारखं होतं, ते कुजताना जमिनीतलंच नत्र ओढतं आणि पुढचं पीक पिवळं पडतं. पाणी साचत असेल तर तागाऐवजी धैंचा, तेही हिरवळीचंच पीक. रब्बीत गहू. दुसऱ्या खरिपात सूत्रकृमी रोखायला झेंडू. तो दाट लावा, बांधावरच्या चार झाडांनी काही होत नाही.

अश्वगंधेकडे परत येताना एकरी 200 किलो निंबोळी पेंड आणि 2 किलो ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशीची पावडर). ट्रायकोडर्मा 100 किलो ओलसर कुजलेल्या खतात मिसळून आठ-दहा दिवस सावलीत झाकून ठेवा, मगच टाका. कच्चं शेण नकोच: वाळवी लागते, मुळं सडतात.

कंपोस्टसाठी लांब जायला नको. इंदूरला काम केलेल्या अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञाची पद्धत इंदूरच्याच नावाने जगभर गेली: काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, थोडी राख, असे थर. दोन आठवड्यांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी उलथायचं. तीन महिन्यांत खत तयार. एकरी चार टन पुरे.

माती तपासायला देताना नमुना 15 सेंटिमीटरवर थांबवू नका, 15 ते 30 चा वेगळा पुडा करा. तुमचं पीक खालीच वाढतं. सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्यांखाली आला, तर ताग दुसऱ्या वर्षीही घ्या, झेंडूच्या आधी.