धर्मश्रद्धा माणसात का रुजली असावी?

धर्मश्रद्धा माणसात का उत्क्रांत झाली, याचे एकच सर्वमान्य उत्तर नाही. मात्र अनेक अभ्यासक तिला इतर उपयुक्त मानसिक क्षमतांची उपज मानतात. झुडपात सळसळ झाली की वाऱ्याऐवजी श्वापद गृहीत धरणारा बहुधा वाचला, कारण उगाच घाबरण्याची किंमत बेसावध राहण्यापेक्षा फारच कमी होती. प्रत्येक हालचालीमागे कोणीतरी कर्ता पाहण्याची ही सवय पुढे अदृश्य शक्तींपर्यंत पोचली असावी.

अनिश्चिततेचाही वाटा मोठा आहे. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोवस्की यांना १९१५ ते १९१८ या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर आढळले, की शांत, उथळ पाण्यातल्या मासेमारीला मंत्रतंत्र लागत नसत, खुल्या समुद्रातल्या धोक्याच्या मासेमारीला मात्र लागत. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात, त्यामागेही हेच मन असावे.

मला सर्वाधिक पटते ते सहकार्याचे कारण. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. असा जागता राखणदार आपल्याला पाहतो आहे असे मनापासून वाटत असेल, तर शेजाऱ्याचा बांध कोरायला हात कचरतो, आणि परस्परांवर विश्वास असलेले गट अधिक टिकतात. अर्थात, शिक्षा करणाऱ्या देवांमुळे मोठे समाज घडले, की मोठ्या समाजांनी असे देव घडवले, यावर अभ्यासकांत अजूनही वाद आहे.