पहिली पायपीट जानापावला कर

पहिल्याच खेपेला इंदूरजवळचा पातालपाणी धबधबा नको. जानापावची टेकडी गाठ: महूच्या पुढे, साधारण 850 मीटर उंच, चंबळेचा उगम तिथलाच. सकाळी लवकर निघालास तर दुपारी इंदूरला परत.

पावसाळ्यात माळव्याची काळी माती बुटाला असे थर लावते की पाय उचलवत नाही. काठीने खरवडत राहा, नाहीतर दगडावर घसरशील.

चोरल नदीच्या काठाने चालताना पाण्याकडे लक्ष हवंच. आपल्या डोक्यावर ऊन असतं, वर घाटात पाऊस कोसळत असतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून येऊ लागली की फोटो सोड आणि उंचावर चढ. पातालपाणीला जुलै 2011 मध्ये अशाच लोंढ्यात माणसं वाहून गेली. डब्यात पोहे चालतील, पाणी मात्र दोन लिटर घेच.