कुलूप लागलंय ना, हे बघायला रोज तीन-तीनदा जिना चढतो. फोटो काढून ठेवला तर चालेल का?

नाही, फोटोने भागणार नाही. उद्या स्वारगेटच्या बसमध्ये उभं राहून तोच फोटो दहादा मोठा करून बघाल. ओसीडीत, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येऊन तीच कृती करत राहायला लावणाऱ्या आजारात, खात्री करून घेतली की जीव घटकाभर शांत होतो, आणि नेमकं तेच मेंदूला पुन्हा तपासायची सवय लावतं. मी पुण्यात समुपदेशन करते. उपचारात आम्ही उलटं करायला लावतो. कुलूप एकदाच ओढायचं, जिना उतरायचा आणि कितीही धाकधूक झाली तरी मागे फिरायचं नाही. ती आपोआप ओसरते. (पहिला आठवडा फार जड जातो, खोटं कशाला सांगू!) मात्र यात रोज तासाभराहून जास्त वेळ जात असेल तर एकट्याने झुंजू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. गोळ्या दिल्याच तर परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात, पंधरवड्यात सोडू नका.