माया किती इंच सोडायची? (वाचकांचे प्रश्न)

गेल्या महिन्यात हे सदर आलं नाही कारण आमचे अण्णा गेले. संपादकांनी त्या जागी दोन ओळींची चौकट टाकली, की लेखिकेच्या वडिलांचं निधन झालं, ते लालबागला टेलर होते. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आणि मेल आले की यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. ज्यांच्या ढोकळ्याला जाळी पडत नाही त्यांनी कृपया एक महिना थांबा.

प्रश्न : तुमच्याकडे टेलरिंग पिढीजात होतं का? लालबागला दुकान नेमकं कुठे होतं? आम्हीपण तिथलेच, कदाचित माझ्या बाबांचे कपडे त्यांनीच शिवले असतील. (एक वाचक, डोंबिवली)

पिढीजात वगैरे काही नाही हो. आमचं गाव दहिवडीच्या बाजूला, माण तालुका, म्हणजे कायमचा दुष्काळ. पानशेत फुटलं त्या वर्षी, १९६१ ला, अण्णा मामाचं बोट धरून मुंबईला आले, वय चौदा-पंधरा. मामा गिरणीत होता, याला पण बदली कामगार म्हणून चिकटवू असा विचार, पण पोरगं एवढं हडकुळं की मुकादमाने बघूनच हसून परत पाठवलं. मग गावकऱ्यांच्या गाळ्यात झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि दिवसभर मदनपुऱ्यात एका उस्तादांकडे बसायचं असं सुरू झालं. पहिली दोन वर्षं मशीनला पायसुद्धा लावू दिला नाही, नुसतं काज, बटण आणि तुरपाई. अण्णांची बोटं त्यामुळे अशी झाली होती की गरम तवा हाताने उतरवायचे.

दुकान म्हणजे चाळीच्या जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं जिन्याला लागायचं, त्यामुळे अण्णा बसलेले आणि गिऱ्हाईक बाहेर पॅसेजमध्ये उभं. माप पण पॅसेजमध्येच. नावाची पाटी नव्हती, लोक 'जिन्याखालचा टेलर' म्हणायचे. तुमच्या बाबांना विचारा, हे नाव आठवलं तर तेच.

प्रश्न : ८२ च्या संपात माझे वडील गावी परत गेले ते कायमचे. ज्यांचा धंदाच गिरणी कामगारांवर होता त्यांचं काय झालं, त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. तुमच्या घरचं सांगाल का? (एक वाचक, कराड)

तुमचा प्रश्न वाचून जरा वेळ तशीच बसले. मी तेव्हा आठ वर्षांची होते त्यामुळे आठवणी तुकड्या-तुकड्याच्या आहेत, पण सांगते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास माणसं बाहेर. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत काहीतरी करतील असं सगळ्यांना वाटत होतं, अण्णांनापण. पहिले एक-दोन महिने काही वाटलं नाही कारण लग्नसराईच्या ऑर्डरी आधीच आल्या होत्या. मग गिरणीचा भोंगाच वाजेना तर आमचं सगळं टाइमटेबल गेलं, कारण अण्णा ट्रायलला बोलवायचे ते पाळीच्या हिशोबाने, 'पहिली पाळी सुटली की ये'. आता पाळीच नाही तर माणूस दिवसभर दुकानापुढे उभा, पण कपडे न्यायला नाही, गप्पा मारायला. शिवून तयार असलेले जोड तसेच खुंटीला लटकलेले. अण्णा कोणाला 'घेऊन जा, पैसे नंतर दे' म्हणाले तरी लोक न्यायचे नाहीत, लाज वाटायची बिचाऱ्यांना. गावी जाताना सांगून जायचे, 'अण्णा, तेवढं राहू दे तुमच्याकडं'.

नवीन कापड येणं बंद झालं पण काम बंद नाही झालं, हे मला नंतर कळलं. शर्टाची कॉलर झिजली की ती उसवून उलटी करून परत लावतात, आतली चांगली बाजू वर. त्या दोन वर्षांत अण्णांनी किती कॉलरी उलट्या केल्या असतील याला गणती नाही. बापाच्या जुन्या पँटीतून पोराची चड्डी. धोतराची झबली. त्याचे दोन रुपये घ्यायचे, नसले तर तेही नाही.

आणि जून आला, शाळा. इथे मला एक शब्द सांगायचाय. शिवणीच्या आत किंवा खाली दुमडीत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला टेलर लोक माया म्हणतात, तुम्हाला माहीत असेल, 'ब्लाउजला माया ठेवा हं' असं आपण सांगतोच. तर अण्णा शाळेच्या कपड्यांना सवयीने दोन-अडीच इंच माया सोडायचे. आई ओरडायची की एवढं कापड दुमडून वाया घालवता, नीट बेतलंत तर एका चड्डीमागे एक खिसा निघेल. ते म्हणायचे पोरं वाढतात. त्या जूनमध्ये चाळीतल्या बायका जुने युनिफॉर्म घेऊन आल्या आणि अण्णांनी एकेक दुमड उसवून चड्ड्या आणि फ्रॉक लांब करून दिले. फक्त त्यात एक गंमत होते, दुमडीत राहिलेलं कापड उन्हात विटलेलं नसतं, त्यामुळे खाली दीड-दोन इंचाची गडद पट्टी दिसते. आमच्या वर्गात जवळजवळ सगळ्यांना पट्टी. माझ्या फ्रॉकला पण. एकट्याला असती तर पोरांनी चिडवून जीव घेतला असता, पण सगळ्यांनाच म्हटल्यावर कोण कोणाला हसणार. दुसऱ्या जूनला त्यांनी उरलेली दुमड पण काढली, म्हणजे काही पोरांच्या चड्डीला दोन पट्ट्या, एक थोडी विटलेली आणि एक नवी. आमच्याकडे संपाचं कॅलेंडर ते होतं.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही हे तुम्हाला माहीत असेलच. ते लटकलेले जोड अण्णांनी वर्तमानपत्रात गुंडाळून, नावं लिहून पत्र्याच्या पेटीत ठेवले. काही लोक आले न्यायला, बरेच आले नाहीत. एक जण पाच-सहा वर्षांनी आला. घालून बघितलं तर पँट कमरेत तीन इंच सैल. अण्णा काहीच बोलले नाहीत, खडूने खूण केली आणि 'चहा पी, तोपर्यंत देतो' म्हणाले.

प्रश्न : 'सोनार शिंपी कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' ही म्हण तुमच्या वडिलांना माहीत होती का? राग मानू नका! (एक खट्याळ वाचक, नाशिक)

राग कसला, ही म्हण तेच सांगायचे, वर आम्ही काय जातीचे शिंपी नाही त्यामुळे मला लागू नाही असंही म्हणायचे. कापड मारायचे का तर नाही, उरलेला तुकडा गिऱ्हाइकाच्या पिशवीत परत. पण चिंध्या आमच्या! आमच्या घरातल्या उशा, गावाकडच्या आजीच्या गोधड्या, झाडून सगळं लालबागच्या शर्टांचं होतं. चोरी म्हणायची तर एकच, वायदा. आज देतो, उद्या देतो. दिवाळीआधी 'ऑर्डर बंद' असं पुठ्ठ्यावर लिहून लावायचे आणि मग कोणीतरी रडवेल्या चेहऱ्याने आलं की पुठ्ठ्याखालीच त्याचं माप घ्यायचे. परिणाम असा की नरक चतुर्दशीला पहाटे आमच्या अंगाला उटणं लागलेलं आणि भावाच्या शर्टाला अजून बटणं नाहीत. सेफ्टी पिना लावून फराळ केलाय आम्ही, आणि तेव्हा मला त्यांचा खरंच राग यायचा, आज कौतुक वाटतं असं उगाच कशाला म्हणू.

प्रश्न : वडिलांचं ठीक आहे, पण असल्या घरात आईने काय सोसलं ते कोण सांगणार? (एक वाचक भगिनी, चिपळूण)

बरोबर बोललात. काज-बटण आणि तुरपाई सगळी आई करायची, रात्री, आमची जेवणं झाल्यावर, चाळीसच्या बल्बखाली. पाटी असती तर त्यावर तिचं नाव हवं होतं. संपात तिने पापड लाटले आणि घरभाडं त्यातून गेलं.

अण्णांच्या बाजूने एवढंच सांगते की चाळीत पहाटे चारला पाणी यायचं आणि ते आयुष्यभर त्यांनीच भरलं. रांगेत सगळ्या बायका आणि मध्ये हा एक पुरुष. लोक हसायचे. ते म्हणायचे, दिवसभर बसून असतो, पाय मोकळे होतात. दिवसभर पायाने मशीन मारणारा माणूस हे म्हणायचा!

आणि एक चहाडी करते. अण्णा पक्के जेन्ट्स टेलर. त्यांनी शिवलेला ब्लाउज म्हणजे शर्टच, फक्त आखूड. आईने दोन-तीन वर्षं घातले आणि मग गुपचूप चिंचपोकळीच्या एका बाईंकडे टाकायला लागली. घरी सांगायचं की गावाकडून नणंदेने शिवून पाठवले. अण्णा ब्लाउज हातात घेऊन, शिवण उलटी करून बघायचे आणि म्हणायचे, 'ताईचा हात सुधारला'. आम्ही पोरं तोंड दाबून हसायचो.

प्रश्न : रेडिमेड आल्यावर त्यांनी धंदा बंद केला का? मशीन अजून आहे का? माझ्याकडे आईची मशीन पडून आहे, भंगारवाला पाचशे म्हणतोय. (एक वाचक, ठाणे)

बंद नाही केला, आपोआप कमी होत गेला. शेवटी फक्त पँटी आखूड करणं आणि चेन बदलणं. भाऊ नोकरीला लागला तेव्हा लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल झालेला, तिथे त्यांना शर्ट घ्यायला घेऊन गेला. ज्या गिरणीच्या लोकांचे शर्ट शिवले तिथेच शर्ट विकत घ्यायचा म्हणजे... असो. अण्णांनी शर्ट हातात घेतला, उलटा केला, बगलेतली शिवण बघितली आणि सेल्समनला म्हणाले, 'बाळा, यात माया नाही सोडलेली. पोट सुटलं की फेकायचा का?' त्या पोराला वाटलं आजोबा वेगळंच काहीतरी बोलतायत. शर्ट मात्र घेतला, आणि भावाने घेतलाय म्हणून कॉलर विरेपर्यंत वापरला. ती कॉलर त्यांनी उलटी केली हे वेगळं सांगायला नको.

मशीन चाळीतल्याच एका मुलीला दिली, ती पिशव्या आणि पडदे शिवते. तिने मोटर बसवलीय. मी कात्री आणि अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, ठेवून घेतलं. ती कात्री एकदा भावाने पतंगाचा कागद कापायला घेतली होती तेव्हा अण्णांनी त्याला पहिल्यांदा आणि शेवटचं मारलं, त्यामुळे आजपण तिने कागद कापायची माझी हिंमत नाही. तुमची मशीन पाचशेला देऊ नका. तेल घाला, चामड्याचा पट्टा नवीन टाका, बॉबिन केसमधला कचरा काढा, नव्वद टक्के मशिनी एवढ्यावर चालू होतात. मग जिला गरज आहे तिला द्या.

प्रश्न : माझे वडीलही टेलर होते, मागच्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढतोय. 'कष्टाळू, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल' याच्या पुढे पेनच जात नाही. तुम्ही लिहिता, काही मदत करा. (एक वाचक, इचलकरंजी)

हे तीन शब्द आम्हीपण पेपरातल्या निधनवार्तेत टाकले, त्यावेळी दुसरं सुचत नाही. पुस्तिकेत नका टाकू. ते कोणाच्याही वडिलांना बसतात.

त्यांच्या दुकानात बसणारे जे दोन-चार म्हातारे असतील ना, त्यांना आधी गाठा, घरच्यांना नंतर. घरचे चांगलंच सांगतात. गिऱ्हाइकं सांगतील की तुझ्या बापाने माझ्या लग्नाच्या कोटाची बाही आखूड केली होती. ते लिहा. उधारी कोणाकडे राहिली आणि त्यांनी कोणाची बुडवली तेपण विचारा.

आणि मापवह्या शोधा, टाकल्या नसतील तर. अण्णांच्या एकोणीस निघाल्या. लांबी, छाती, कंबर, शोल्डर, बाही, कॉलर असे आकडे, आणि बाजूला त्यांच्या बारीक अक्षरात शेरे: 'डावा खांदा उतार', 'पोट येतंय, माया १ इंच जादा', 'साच्यावर उभा असतो, पँट गुडघ्यात ढिली' (साचा म्हणजे गिरणीतला माग). एकेका माणसाची वीस-वीस वर्षांची मापं आहेत, कंबर वाढत गेलेली, आणि काहींची ८२ नंतर उतरलेली. मी आठ दिवस दुसरं काही वाचलं नाही.

त्यातल्या एका वहीच्या मागच्या पानावर 'घरचं' असं लिहिलेलं सापडलं. आमची तिघांची मापं, आजीच्या चोळीचं, आणि खाली आईच्या ब्लाउजचं, त्यावर तिरकी रेघ मारलेली. रेघेखाली लिहिलंय, 'चिंचपोकळीच्या बाईंकडं टाकते. चांगलं बसतं.'

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'काहीतरीच', आणि मग चष्मा मागितला.