शॉकअपला शिव्या देण्याआधी

पाऊस ओसरला की मोटरसायकलवाल्यांच्या तक्रारी ठरलेल्या: खड्ड्यांनी शॉकअप गेले, घाटात ब्रेकनं दगा दिला. यंदाही तेच आहे.

१५० सीसीची गाडी, सहा वर्षं जुनी. पुढचा ब्रेक दाबला की गाडी पुढून एकदम बसते, खड्ड्यात 'खट्ट' वाजतं. पुढचे शॉकअप घरी ॲडजस्ट कसे करायचे? (कराड)

मागच्या शॉकअपला खाचांचं कडं असतं तसं पुढे बहुतेक साध्या गाड्यांना काही नसतंच. फिरवण्यासारखं काही नाही, पण मोजण्यासारखं आहे.

एक केबल टाय घ्या आणि शॉकअपच्या चकचकीत पाइपवर सरकेल इतपत आवळा. सपाट जागी गाडीवर बसा, दोन्ही पाय वर घ्या, एकानं गाडी धरायची, दुसऱ्यानं टाय खाली सरकवून सीलला, म्हणजे पाइप आत शिरतो तिथल्या रबरी कड्याला, टेकवायचा. मग अलगद उतरा, गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मागची सीट दाबून पुढचं चाक उचला. टाय आणि सील यांच्यामध्ये जे अंतर दिसेल तेवढी गाडी तुमच्या वजनानं बसते. अशा गाड्यांचा पुढचा शॉकअप साधारण १२०-१३० मिलिमीटर दबतो. त्यातले ३० ते ४० तुमच्या वजनानं गेले तर ठीक. ५०-५५ गेले तर स्प्रिंग थकली.

लोकांची गफलत होते ती इथे. वजन स्प्रिंग पेलते, तेल फक्त तिची उसळी आवरतं. मोजमाप बरोबर येऊनही गाडी डुलत असेल तर तेल बदला. सहा वर्षांचं तेल काळं पडलेलं असतं आणि त्याचा वास नाकाला झोंबतो. ग्रेड आणि माप गाडीच्या पुस्तकात असतं. दोन्ही शॉकअपांत मापानंच भरा, अंदाजानं नाही. 'कडक होतो' म्हणून उरलेलं इंजिन ऑइल ओतायची आपल्याकडे जुनी खोड आहे. कडक होतो खरा, पण मग बारीक खड्डेसुद्धा मनगटात येतात. शॉकअपचं वरचं झाकण सोडण्याआधी मात्र गाडी इंजिनखाली नीट टेकवून पुढचं चाक अधांतरी ठेवा आणि तोंड बाजूला घ्या. आत दाबलेली स्प्रिंग आहे, शेवटच्या आट्याला ती झाकण उडवते.

राहिलं ते 'खट्ट'. चाक हवेत असतानाच शॉकअपची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढा. हाताला खेळ लागला तर आवाज कोनसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा आहे. मी स्वतः एकदा शॉकअप दोनदा भरून घेतले होते. आवाज गेला तो कोनसेट बदलल्यावर.

उजव्या शॉकअपच्या पाइपवर तेलाचा ओघळ दिसतो. मेकॅनिक दोन्ही सील बदलायला सांगतो. गरज आहे का? (चिपळूण)

असेलही, पण आधी अर्धा तास खर्च करा. तुमच्याकडचा लाल चिखल पाइपवर वाळतो आणि सीलच्या ओठाखाली कण अडकतो. वरची रबरी टोपी पातळ स्क्रूड्रायव्हरनं हळूच उचकटून वर सरकवा. जुन्या फोटोच्या निगेटिव्हची पट्टी टोकाला आकड्यासारखी कापा, पाइप आणि सील यांच्या फटीत घाला आणि गोल फिरवून वर ओढा. मातकट तेल बाहेर येईल. पुसा, चार दिवस चालवा.

तरी गळत असेल तर पाइपवर नख फिरवून बघा. गंजाचा खड्डा नखाला अडला तर नवा सीलही महिन्या-दोन महिन्यांत फाटेल. दुखणं पाइपचं आहे. सील बदलायचेच तर दोन्ही बदला, कारण तेल दोन्हीकडचं काढावंच लागतं. मेकॅनिक फसवत नाहीये. तुमची ब्रेकची डिस्क उजवीकडेच असेल तर मात्र थांबू नका, तेल तिच्यावर आणि पॅडवर उतरतं. तेल प्यायलेले ब्रेक पॅड धुऊन, भाजून परत वापरायचे प्रयोग मी पाहिलेत. फेकून द्या.

आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना पुढच्या ब्रेकचा लिव्हर थेट मुठीला टेकला. डबलसीट होतो, सामानही होतं. अर्ध्या तासानं ब्रेक आपोआप ठीक. असं कसं? (बेळगाव)

ब्रेक ऑइल उकळलं. नावात ऑइल असलं तरी डॉट ३ आणि डॉट ४ हे हवेतली ओल पिणारे द्रव आहेत. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. उकळून झालेली वाफ दाबली जाते, त्यामुळे तुमच्या बोटांचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही. थंड झालं की सगळं पूर्ववत, आणि माणूस विसरून जातो. विसरू नका.

दर दोन वर्षांनी बदला. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं तेच डॉट, आणि सीलबंद छोटी बाटली. गेल्या वर्षी उघडलेली नको. पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाका, हा द्रव रंग खातो. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) निपलला, म्हणजे ऑइल सोडायच्या पोकळ स्क्रूला, पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा. लिव्हर दाबून धरा, निपल पाव आटा सोडा, आवळा, मगच लिव्हर सोडा. हा क्रम उलटला की हवा आत. वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका. चहाच्या रंगाचं जाऊन फिकट यायला लागलं की झालं. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्येच हवा शिरली असेल तर ते घरचं काम नाही.

आणि ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

गाडी धुतली की सकाळी डिस्क किंचाळते. (मडगाव)

रात्रीत चढलेला गंज आहे, दोन-चार ब्रेकांत जातो. गेला नाही तर पॅड बघा. त्यावरचा घासणारा मसाला दीड मिलिमीटरच्या खाली असेल तर नवे घाला, आणि रस्त्यावर जाण्याआधी लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबत राहा. आवाज जावा म्हणून डिस्कवर स्प्रे मारणारे महाभाग आहेत. आवाज जातो. ब्रेकही जातो.

मागचा ड्रम ब्रेक किती आवळावा? (यवतमाळ)

पेडल २० ते ३० मिलिमीटर मोकळं खाली गेल्यावर ब्रेक लागायला हवा. नट अर्धा-अर्धा आटा फिरवा, दर वेळी चाक हातानं फिरवून बघा, घासता कामा नये. ड्रमवर बाण असेल तर ब्रेक दाबून तो कुठे जातो ते पाहा. खुणेच्या पलीकडे गेला तर लायनर (ड्रमच्या आत घासणारे ब्रेक) संपले, मग आवळून उपयोग नाही. नंतर मागचा लाल दिवा वेळेवर लागतो का तेही बघा, पेडल हललं की त्याचा स्विचही हलतो.