साध्या टी-शर्टाला लपायला जागा नसते

गेल्या अंकात आम्ही रोज अंगावर येणाऱ्या साध्या, सुटसुटीत कपड्यांबद्दल प्रश्न मागवले होते. कॉलेज, ऑफिस, लोकल आणि दुचाकी यांत दिवस घालवणाऱ्यांची पत्रं जास्त आली. नक्षी किंवा प्रिंट असलेल्या कपड्यात कापडाचा आणि शिलाईचा दोष झाकला जातो. प्लेन कपड्यात तो पहिल्याच धुण्याला उघडा पडतो, म्हणून उत्तरं कापडाबद्दलच जास्त आहेत.

प्लेन टी-शर्ट चार-पाच धुण्यांत फिरतो. एका बाजूची शिवण पोटावर येते, दुसरी पाठीकडे जाते आणि गळा नागमोडी होतो. महागातला घेतला तरी तेच. घेताना ओळखायचं कसं? (पिंपरी)

दोष कापडाचा आहे, तुमच्या वॉशिंग मशीनचा नाही. टी-शर्टाचं नेहमीचं कापड म्हणजे सिंगल जर्सी होजिअरी, म्हणजे सुताचे फास गुंफून विणलेलं एकपदरी, ताणणारं कापड. सूत कातताना त्याला पीळ दिलेला असतो आणि विणून झाल्यावरही तो सुटायला बघतो. शिवाय गोल विणयंत्रावर एकाच फेरीत अनेक धागे चढतात, त्यामुळे ओळी मुळातच किंचित तिरक्या बसतात. कारखान्यात कापड आटवून, दाबून घट्ट (कॉम्पॅक्ट) करून हा ताण काढायचा असतो. ते न करता नुसतं ओढून सरळ केलेलं कापड कापलं, तर पाणी लागताच सूत आपल्या मूळ जागी जातं आणि शिवणीलाही सोबत नेतं. एकदा फिरलेला टी-शर्ट इस्त्रीने ओढून सरळ केला, तरी पुढच्या धुण्याला परत फिरतो.

दुकानात टी-शर्ट उजेडात धरून बाजूच्या शिवणीजवळ बघा. कापडावर बारीक वेण्यांसारख्या उभ्या ओळी दिसतील. खालच्या दुमडीपासून एक ओळ बोटाने वर न्या. ३० सेंमी अंतरात ती शिवणीपासून दीड सेंमीहून जास्त सरकली, तर तो टी-शर्ट ठेवून द्या. मात्र ओढून सरळ केलेलं कापड या परीक्षेत पास होतं. त्याला उपाय एकच: एकदम पाच घेऊ नका. एक घ्या, तीनदा धुवा, मग बाकीचे घ्या.

गळ्याची गोष्ट वेगळी. गळ्याची पट्टी रिब विणीची, म्हणजे उठावदार उभ्या रेघांची असते आणि तिच्यात थोडं लायक्रा (रबरासारखा ताणणारा धागा) हवं. निव्वळ सुती रिब एकदा ताणली की ताणलेलीच राहते. गळा दोन्ही हातांनी ताणून सोडा, तो लगेच मिटला पाहिजे. आतल्या बाजूला एका खांद्यापासून मानेमागून दुसऱ्या खांद्यापर्यंत पट्टी लावलेली असेल, तर गळा आणि खांदे ओघळत नाहीत. एवढं पाहूनही ओला टी-शर्ट हँगरला लटकवलात, तर पाण्याचं सगळं वजन गळ्यावर आणि खांद्यावर येतं. दोरीवर पोटापाशी दुमडून टाका.

कापडाच्या जाडीबद्दल लेबलवरचा आकडा खरा मानायची गरज नाही, स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. एल मापाच्या नेहमीच्या बेताच्या (कापणीच्या) टी-शर्टाला साधारण ०.९ चौरस मीटर कापड लागतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. म्हणजे १८० जीएसएमचा टी-शर्ट १६० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. १२५ भरला, तर तुम्हाला १४० जीएसएमचं कापड विकलं आहे.

डोंबिवलीहून लोकलने ऑफिसला पोचेपर्यंत काखेत आणि पाठीवर घामाचे डाग दिसतात. ग्रे टी-शर्ट आवडतात, पण लाज वाटते.

सगळ्या रंगांत घाम सर्वांत जास्त दाखवतो तो हाच ग्रे मेलांज, म्हणजे गडद-फिके तंतू मिसळलेला ठिपकेदार राखाडी. ओलं कापड गडद दिसतं. काळ्यात आणखी गडद व्हायला जागा नसते, पांढऱ्यात फरक फिका असतो, ग्रेमध्ये मात्र तो नेमका डोळ्यात भरतो. प्रवासाच्या दिवशी काळा, नेव्ही किंवा पांढरा घाला, ग्रे रविवारी. आत बनियन घालायची तर बाह्यांची घाला, बिनबाह्यांची बनियन काखेला काहीच उपयोगाची नाही. सॅक तुम्ही गर्दीत पुढे घेत असालच. उतरल्यावर लगेच पाठीवर टाकू नका, हातात धरून चाला, पाठ वाळते.

पांढऱ्या टी-शर्टाच्या काखेत पिवळे डाग पडत असतील, तर ते नुसत्या घामाचे नसतात. घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमधले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाशी मिळून ते बनतात. रोल-ऑन पूर्ण वाळल्यावरच कपडा चढवा. क्लोरीनच्या ब्लीचने हे डाग आणखी पिवळे होऊ शकतात. ऑक्सिजन ब्लीच कोमट पाण्यात घालून तासभर भिजवा.

उंची ५ फूट ३ इंच. ओव्हरसाइज टी-शर्ट घातला की थोरल्या भावाचा उचलून आणल्यासारखा दिसतो. (नाशिक)

कारण बहुधा तुम्ही नेहमीच्या बेताचा, पण दोन मापं मोठा घेता. त्याने छातीबरोबर उंची आणि गळाही वाढतो. ओव्हरसाइज हा वेगळा बेत आहे: छातीला घेर जास्त, खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, पण गळा घट्ट आणि उंची आटोपशीर. तुमचा नीट बसणारा टी-शर्ट जमिनीवर पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा. त्यात ५ ते ७ सेंमी मिळवा आणि ते माप साइज चार्टमध्ये शोधा. एस, एम, एल ही अक्षरं विसरा. उंची पँटच्या चेनच्या मध्यापर्यंत यावी, त्याखाली गेली की पाय आखूड दिसतात.

उंची कमी करून घेणार असाल, तर शिंप्याला आधी विचारा की होजिअरीची सुई आहे का. साध्या सुईने आणि सरळ टिपेने दुमडलेली होजिअरी ताणली की टीप तटकन तुटते, कापडाला बारीक भोकंही पडतात. गोल टोकाची सुई आणि झिगझॅग किंवा दोन सुयांची टीप हवी.

हॉस्टेलवर राहते. पावसाळ्यात दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत आणि धुतलेल्या कपड्यांनाही कुबट वास येतो. (रत्नागिरी)

वास येतो तो ओल्या कापडात वाढणाऱ्या जिवाणूंमुळे. कपडा जितके तास ओला, तितकी त्यांची चंगळ. सुगंधी कंडिशनरने वास काही वेळ झाकला जातो आणि कापडावर मेणचट थर बसून पाणी निघायला आणखी वेळ लागतो, म्हणून पावसाळ्यात तो बंदच ठेवा.

जून ते सप्टेंबर जड कपडे कपाटात. २४० जीएसएमचा ओव्हरसाइज टी-शर्ट कोरडाच अडीचशे ग्रॅमच्या पुढे भरतो. १२ औंसाची जीन्स म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४०० ग्रॅम कापड, शिवाय कमरपट्ट्याला आणि खिशांशी चार-चार पदर. कोकणातल्या पावसात ती वाळणं नशिबाची गोष्ट. १६० जीएसएमचे टी-शर्ट आणि पातळ नायलॉनची नाडीवाली पँट वापरा. पॉलिएस्टर सर्वांत लवकर वाळतं, पण ते अंगाचं तेल धरून ठेवतं, त्यामुळे काखेचा वास त्यातून सहज निघत नाही. पँटला चालेल, टी-शर्टाला नको.

भिजलेले कपडे बादलीत किंवा सॅकमध्ये रात्रभर ठेवू नका. मशीन असेल, तर शेवटचं स्पिन दोनदा लावा. दोरीवर दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा, पंखा समोरून सोडा. वास बसलेलाच असेल, तर पांढरे सुती कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा. रंगीत कपड्यांना आधी लेबल बघा.

काळे टी-शर्ट दोन महिन्यांत राखाडी होतात. मिठाच्या पाण्यात भिजवायला आई सांगते. (सांगली)

आईंना सांगा, मीठ कापड रंगवताना कारखान्यात लागतं, रंगवून झालेल्या कपड्याला घरी घालून रंग पक्का होत नाही. आणि पुष्कळदा रंग गेलेलाच नसतो. घासाघासीने सुताचे तंतू तुटून वर उभे राहतात, त्यांवर उजेड विखुरतो आणि काळा धुरकट दिसतो. टी-शर्ट ओला करून बघा: परत काळाभोर दिसला, तर दोष बहुतेक त्या लवीचा. म्हणून काळे कपडे उलटे करून, गार पाण्यात, जीन्स आणि टॉवेलपासून वेगळे धुवा, ब्रश लावू नका, सावलीत वाळत घाला. घेताना बायो-वॉश असं लिहिलेलं बघा. त्यात एन्झाइमने वरची लव आधीच काढलेली असते.

कुर्ता, सरळ पँट आणि स्नीकर्स हाच माझा रोजचा वेश. पण खिसे नाहीत, मोबाइल कायम हातात. शिंप्याला नेमकं काय सांगू? (सातारा)

बाजूच्या शिवणीत खिसा घ्या, वरून लावलेला ठिगळखिसा नको. दोन खिशांना १६ बाय २८ सेंमीचे चार तुकडे लागतील, कापड सुती पॉपलिन. अस्तराचं गुळगुळीत कापड नको, त्यातून मोबाइल घसरतो. तोंड १६ सेंमी ठेवा आणि त्याच्या दोन्ही टोकांना टाच (दाट, पक्के टाके) घालून घ्या, नाहीतर महिन्याभरात शिवण तिथूनच उसवते.

अडचण येते ती कुर्त्याच्या कटाशी. कंबर आणि कट यांच्यामध्ये १६ सेंमी जागा नसेल, तर कट ५ सेंमी खाली शिवून घ्या, चालताना काही फरक पडत नाही. रेयॉनचा कुर्ता असेल, तर मोबाइलच्या वजनाने एक बाजू लोंबते. शिवणीच्या मायेवर (शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडावर) आतून दोन सेंमी रुंदीची बुकरमची, म्हणजे कडक कापडाची पट्टी चिकटवायला सांगा. माया एक सेंमीपेक्षा कमी सोडलेली असेल, तर मात्र या कुर्त्यात खिसा करू नका, उसवताना कापड हातात येईल.

आठवड्यातून दोनदाच धुणं होतं. कमीत कमी किती कपडे पुरतील? (पुणे)

सहा टी-शर्ट, दोन कॉलरचे शर्ट, तीन पँट, एक पातळ जॅकेट. दोन धुण्यांत चार दिवसांचं अंतर पडलं, तर चार टी-शर्ट लागतात, एक दोरीवर असतो आणि एक अचानक भिजल्यावर. पँटचे तिन्ही रंग असे घ्या की प्रत्येकीवर सहाच्या सहा टी-शर्ट चालतील: काळा, नेव्ही, ऑलिव्ह. खाकी घेतलीत, तर दुचाकीच्या चिखलाचे शिंतोडे पोटरीवर मोजता येतील. पैसे वाचवायचे तर टी-शर्टात वाचवा, पँटमध्ये नको. पँट आधी मांडीपाशी जाते, म्हणून घेताना ती उलटी करून बैठकीची शिवण बघा, तिथे दुहेरी टीप असायलाच हवी.