प्रशिक्षण झाले, वर्ग मात्र तसाच

प्रश्न : मी एका बालवर्गाची प्रमुख आहे. मुलांच्या सामाजिक-भावनिक विकासाविषयी आमच्या शिक्षिकांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. भावनांचे तक्ते भिंतीवर लागले. पण चार वर्षांच्या मुलाने दुसऱ्याला चावा घेतला, की शिक्षिका त्याला पूर्वीप्रमाणेच कोपऱ्यात बसवतात. आणखी एक प्रशिक्षण ठेवावे का?

उत्तर : इतक्यात ठेवू नये. तक्ते लावणे हा सर्वांत सोपा भाग, म्हणून तोच आधी वर्गात पोहोचतो. चाव्याचा प्रसंग मात्र काही सेकंदांत घडतो. एक मूल कळवळत असते, बाकीची बावरलेली असतात आणि अशा वेळी शिक्षिकेच्या हातून वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेलेच होते. ही सवय व्याख्यानाने सुटत नाही. कोणी जाणकार वर्गात बसून पाहील आणि त्याच दिवशी त्या एका प्रसंगाविषयी शिक्षिकेशी बोलेल, तर ती सुटू लागते. अमेरिकेतील सरकारी निधीवरच्या बालवर्गांविषयी तेव्हा येल विद्यापीठात असलेल्या वॉल्टर गिलियम यांचा २००५ मधला अभ्यास इथे बोलका आहे. तेथे मुलांना शाळेतून कायमचे काढून टाकण्याचे प्रमाण पुढील शालेय वर्गांच्या तिपटीहून अधिक आढळले, आणि ज्या शिक्षिकांना वर्तन-सल्लागाराची नियमित मदत होती त्यांच्या वर्गांत ते कमी होते.

तेव्हा एखाद्या अनुभवी सहकारी शिक्षिकेने आठवड्यातून एकदा अर्धा तास वर्गात बसावे. त्याला तपासणीचे रूप येता कामा नये, नाहीतर सगळ्याजणी सावध होतील. नंतर विचारायचे ते एवढेच : चाव्याच्या आधी काय घडले? पुष्कळदा खेळणे हिसकावले गेलेले असते आणि मुलाजवळ मागण्यासाठी शब्द नसतात. या वयात आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग अजून घडत असतो, त्यामुळे मूल मोठ्या माणसाच्या शांतपणाच्या आधाराने शांत व्हायला शिकते. कोपऱ्यात हा आधारच तुटतो. ज्याला चावा बसला त्याला आधी जवळ घ्यावे, मग चावणाऱ्यासमोर खाली बसून "राग आला ना? चावायचे नाही, 'मला दे' म्हणायचे," एवढेच सांगावे, त्याचा सराव मात्र नंतर, खेळात घ्यावा, कारण रडण्याच्या भरात मुलाला काही उमजत नाही.

एका शिक्षिकेकडे किती मुले आहेत आणि दिवसात तिला श्वास घ्यायला वेळ मिळतो का, हे आपण लिहिलेले नाही. ते आधी पाहावे. ती व्यवस्था प्रशिक्षकाच्या हातात नसते, आपल्या हातात असते.